काश्मीर प्रिन्सेस स्मारक

काश्मीर प्रिन्सेस स्मारक : दक्षिण चिनी समुद्रात ११ एप्रिल १९५५ रोजी घातपाताने कोसळलेल्या ‘काश्मीर प्रिन्सेस’ या भारतीय प्रवासी विमानातील मृतांचे चीनमधील स्मारक. ते बीजिंग (तत्कालीन पेकिंग) शहराच्या पश्चिम भागातील बाबाओशान क्रांतिकारक दफनभूमीत असून त्याच्या चिनी नावाचा अर्थ ‘आशियाई-आफ्रिकी परिषदेस जाताना मृत्यू पावलेल्या हुतात्म्यांचे सामूहिक समाधिस्थान’ असा होतो. एअर-इंडिया इंटरनॅशनल या भारत सरकारच्या विमान महामंडळाच्या मालकीच्या या विमानात ११ प्रवासी व ८ कर्मचारी होते. सर्व प्रवासी आणि कप्तान डी. के. जटार यांच्यासह ५ कर्मचारी असे एकूण १६ जण मृत्यू पावले. सहवैमानिक एम्. सी. दीक्षित, मार्गनिर्देशक जे. सी. पाठक आणि देखभाल अभियंता अनंत कर्णिक हे तिघे वाचले.

स्मारकाच्या शिलेवर ११ प्रवाशांची नावे आहेत. पेटलेले विमान समुद्राच्या पृष्ठभागापर्यंत सांभाळून आणणाऱ्या कर्मचाऱ्यांची स्मृती मात्र दगडात नसून चौकशीचे अहवाल, शौर्यपदकांच्या याद्या व बचावलेल्या अभियंत्याने लिहिलेले पुस्तक यांत विखुरलेली आहे. म्हणून या स्मारकाची माहिती केवळ त्या शिलेच्या वर्णनाने पुरी होत नाही. ते विमान कसे पडले आणि ते पडत असताना त्यातील माणसांनी काय केले, हे समजल्यावाचून स्मारकात काय आहे व काय नाही याचा उलगडा होत नाही.

पार्श्वभूमी : आशिया व आफ्रिका खंडांतील २९ देशांची परिषद १८ ते २४ एप्रिल १९५५ या काळात इंडोनेशियातील बांडुंग येथे भरली. भारत, ब्रह्मदेश, श्रीलंका, पाकिस्तान व इंडोनेशिया हे तिचे निमंत्रक देश होते. चीनच्या नव्या शासनाला अमेरिका व तिच्या अनेक मित्रराष्ट्रांनी मान्यता दिलेली नव्हती, तसेच संयुक्त राष्ट्रांतील चीनची जागा तैवानमधील चँग कै-शेक यांच्या शासनाकडे होती. अशा परिस्थितीत चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांची बांडुंग येथील उपस्थिती ही मोठी राजकीय घटना ठरणार होती. ती घडू नये असे वाटणारेही होते. चीनजवळ लांब पल्ल्याच्या समुद्रपार उड्डाणास योग्य अशी प्रवासी विमाने त्या वेळी नव्हती. १९५४ च्या पंचशील करारानंतर भारत-चीन संबंध स्नेहाचे होते. त्यामुळे चिनी शिष्टमंडळातील काही कर्मचारी व पत्रकार यांना हाँगकाँगहून जाकार्ताला नेण्यासाठी एअर-इंडियाचे विमान भाड्याने घेण्यात आले.

चौ एन-लाय स्वतः या विमानाने जाणार होते, असा सार्वत्रिक समज होता. प्रत्यक्षात ते त्यात नव्हते. त्यांच्यावर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाल्याने प्रवास लांबला, असे कारण देण्यात आले. १४ एप्रिल रोजी ते कुनमिंगहून रंगूनला गेले आणि तेथे पंडित नेहरू, ऊ नू व नासर यांची भेट घेऊन पुढे इंडोनेशियास पोहोचले. कटाची कुणकूण त्यांना आधीच लागली होती काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. एवढे मात्र निश्चित, की विमान पडण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे १० एप्रिल रोजी, चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाने पेकिंगमधील ब्रिटिश प्रतिनिधीस घातपाताच्या शक्यतेची सूचना दिली होती आणि हाँगकाँगच्या अधिकाऱ्यांनी दक्षता घ्यावी असे कळविले होते. हाँगकाँग तेव्हा ब्रिटिश वसाहत होते. ही सूचना विमानाच्या कर्मचाऱ्यांपर्यंत कितपत व कोणत्या स्वरूपात पोहोचली, हा पुढे वादाचा विषय झाला.

विमान : ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे अमेरिकेतील लॉकहीड कंपनीने बनविलेले ‘कॉन्स्टेलेशन’ जातीचे चार इंजिनांचे विमान होते. त्याचा नोंदणी संकेत ‘व्हीटी-डीईपी’ असा होता. किंचित बाकदार, माशासारखे शरीर आणि तीन उभे शेपूटपंख यांमुळे ही विमाने दुरूनही ओळखू येत. त्यातील प्रवासी कक्ष वायुदाबित असे. म्हणजे बाहेरील विरळ हवेचा परिणाम होऊ नये म्हणून आत जास्त दाब राखला जाई. ८ जून १९४८ रोजी मुंबई-लंडन ही एअर-इंडियाची पहिली आंतरराष्ट्रीय सेवा याच जातीच्या ‘मलबार प्रिन्सेस’ विमानाने सुरू झाली. त्यानंतर आलेल्या विमानांनाही भारतातील निरनिराळ्या प्रदेशांवरून व लोकसमूहांवरून अशीच ‘प्रिन्सेस’ नावे देण्यात आली. त्यांत एक ‘मराठा प्रिन्सेस’ही होती. काश्मीर प्रिन्सेस पडले, तेव्हा या सेवेस अद्याप सात वर्षेही झाली नव्हती. लांब पल्ल्याच्या उड्डाणांचा अनुभव असणारे भारतीय वैमानिक संख्येने थोडे होते, हे लक्षात घेतले म्हणजे जटार यांच्यासारख्या कप्तानाच्या मृत्यूने झालेल्या हानीची कल्पना येते.

उड्डाण व स्फोट : मुंबईहून निघालेले विमान बँकॉकमार्गे ११ एप्रिल रोजी हाँगकाँगच्या काय ताक विमानतळावर उतरले. तेथे ते सु. ८० मिनिटे थांबले. या अवधीत इंधन भरणे, साफसफाई व तपासणी ही नेहमीची कामे झाली. ती विमानतळावरील स्थानिक कंपनीच्या माणसांकडून होत. दुपारी १२ वाजून २५ मिनिटांनी (स्थानिक वेळ) विमानाने जाकार्ताकडे प्रयाण केले. हवा स्वच्छ होती. विमान सु. ५,५०० मी. (१८,००० फुट) उंचीवरून जात होते. सु. पाच तासांनंतर, नातुना बेटांच्या परिसरात असताना, कर्मचाऱ्यांना दबका स्फोट ऐकू आला. पाठोपाठ प्रवासी कक्षात धूर शिरू लागला आणि उजव्या पंखावर, तिसऱ्या क्रमांकाच्या इंजिनाच्या मागे, ज्वाळा दिसल्या.

या स्फोटाचे स्थान महत्त्वाचे आहे. कॉन्स्टेलेशन विमानाची मुख्य चाके उड्डाणानंतर आतील बाजूच्या दोन इंजिनांमागील पोकळ कप्प्यांत ओढून घेतली जात. विमान जमिनीवर असताना चाके खाली असतात आणि कप्पा उघडा राहतो. खाली काम करणाऱ्या कोणालाही हात वर करून त्यात काही ठेवता येते. उड्डाणानंतर कप्पा झाकला जातो आणि आतील माणसास त्यात डोकावण्याचा मार्ग उरत नाही. शिवाय तो इंधनाच्या टाकीलगत असतो. पुढील चौकशीत असे निष्पन्न झाले, की उजव्या बाजूच्या या कप्प्यात ठेवलेल्या कालस्फोटकाने तिसऱ्या क्रमांकाची इंधनटाकी फोडली आणि बाहेर पडणाऱ्या इंधनाने पेट घेतला. इंजिनात आग लागली, तर ती विझविण्याची व्यवस्था अशा विमानात असते. पण ही आग इंजिनात नव्हती आणि तिला इंधनाचा पुरवठा सतत होत होता. म्हणून वैमानिकाच्या हाती असलेला कोणताही उपाय तिच्यावर चालण्याजोगा नव्हता.

आग इंजिनापर्यंत पसरू नये म्हणून कप्तान जटार यांनी तिसरे इंजिन बंद केले. बंद पडलेल्या इंजिनाच्या पंख्याची पाती अशा वेळी वाऱ्याच्या दिशेला धार करून स्थिर केली जातात. नाहीतर तो पंखा वाऱ्याने फिरत राहून विमानाची गती रोखतो. उरलेल्या तीन इंजिनांवर विमान खाली आणण्यास सुरुवात झाली. दरम्यान तीन वेळा संकटसंदेश पाठविण्यात आला आणि त्यात विमानाचे स्थान कळविण्यात आले. त्यानंतर बिनतारी यंत्र बंद पडले. विद्युत मंडले एकामागून एक निकामी होत होती आणि धूर चालककक्षातही भरू लागला होता.

पाण्यावर अवतरण : मोठे प्रवासी विमान समुद्रावर उतरविणे हे वैमानिकाच्या शिक्षणात असले, तरी त्याचा प्रत्यक्ष सराव करता येत नाही. विमान संथ गतीने, शेपटाकडील भाग किंचित खाली ठेवून आणि दोन्ही पंख पाण्याला समांतर राखून उतरवावे लागते. लाटांची लांब वळणे आडवी न छेदता त्यांच्या रांगेला समांतर उतरणे इष्ट असते. दोन्ही पंखांपैकी एकाचे टोक जरी आधी पाण्याला लागले, तरी विमान त्या बाजूस गरकन फिरते व मोडते. याखेरीज वायुदाबित विमानातील आतला दाब उतरण्यापूर्वी बाहेरील हवेच्या बरोबरीस आणावा लागतो. अन्यथा दारे उघडत नाहीत. हे सर्व करण्यास उंची, वेळ, स्वच्छ दृष्टी व यंत्रांचे साहाय्य यांची आवश्यकता असते. काश्मीर प्रिन्सेसच्या बाबतीत यांपैकी एकही गोष्ट पुरेशी नव्हती. त्यातच उजवा पंख जळत होता.

तरीही कामांची शिस्त शेवटपर्यंत मोडली नाही. प्रवाशांना प्राणरक्षक जाकिटे देण्यात आली. हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी यांनी धुराने भरलेल्या कक्षात हे काम केले. पाण्यावर आदळल्यावर दारे अडकून बसू नयेत, म्हणून संकटकालीन दारे आधीच उघडण्यात आली. विमान पाण्यास टेकले तेव्हा उजवा पंख प्रथम लागला आणि विमानाचे तीन तुकडे झाले. जे तिघे वाचले, ते सर्व कर्मचारी होते, यावरून काहींनी शंका काढली. तथापि त्यांचा पुढचा जन्म हा नशिबाचा आणि विमानाचा कोणता तुकडा कसा फुटला याचा भाग होता. चालककक्षातील कप्तान जटार आणि विमान अभियंता डिकुन्हा, तसेच कक्षातील बेरी, डिसोझा व पिमेंटा हे त्यांचेच सहकारी बुडाले.

दीक्षित, पाठक व कर्णिक हे जखमी अवस्थेत रात्रभर पाण्यात राहून बेटांच्या आश्रयास पोहोचले. ‘डँपियर’ या ब्रिटिश नौकेने त्यांना सिंगापूर येथे नेले. या तिघांचे वाचणे हे केवळ त्यांच्या पुरते महत्त्वाचे नव्हते. स्फोटाचा आवाज कोठून आला, धूर कोणत्या वाटेने शिरला, आग प्रथम कोठे दिसली, इंजिन केव्हा बंद केले, या प्रश्नांची उत्तरे देणारे साक्षीदार त्यामुळे मिळाले. विमान हवेतच फुटले असते किंवा अनियंत्रितपणे कोसळले असते, तर यांत्रिक बिघाडाने झालेला अपघात अशी नोंद होऊन प्रकरण संपणे अशक्य नव्हते. कप्तानाने विमान पाण्यापर्यंत आणले, याचे खरे फळ ही साक्ष होय.

चौकशी : विमान इंडोनेशियाच्या सागरी क्षेत्रात पडल्याने चौकशी त्या देशाने केली. पाणबुड्यांच्या साहाय्याने अवशेष वर काढण्यात आले. उजव्या चाकाच्या कप्प्याचे पत्रे कप्प्यातून चोहोकडे फाटलेले आढळले आणि त्यांत कालस्फोटकाचे भाग सापडले. २६ मे १९५५ रोजी चौकशी समितीने आपला निष्कर्ष जाहीर केला : विमान कालस्फोटकाने पाडले असून त्याचा स्फोटारंभक अमेरिकेत तयार झालेला होता. भारताच्या वतीने या तपासात गुप्तवार्ता विभागाचे अधिकारी रामेश्वरनाथ काव यांनी भाग घेतला. भारताच्या परदेशी गुप्तवार्ता संघटनेचे ते पुढे, १९६८ मध्ये, पहिले प्रमुख झाले.

हाँगकाँगच्या पोलिसांचा संशय तेथील विमान-देखभाल कंपनीतील चौ त्झे-मिंग या सफाई कामगारावर होता. तैवानमधील क्वोमिंतांग पक्षाच्या हस्तकांनी त्याला सहा लाख हाँगकाँग डॉलरांचे आमिष दाखविल्याचे तपासात पुढे आले. मित्रांजवळ त्याने आपल्या कृत्याची बढाई मारली होती आणि ऐपतीबाहेर खर्चही केला होता. अटकेपूर्वीच, १८ मे १९५५ रोजी, तो एका विमानात लपून तैवानला पोहोचला. हाँगकाँग सरकारने त्याच्यावर पकडपत्र काढले. परंतु तैवानने त्याला परत पाठविण्यास नकार दिला. परिणामी या सोळा मृत्यूंबद्दल कोणावरही न्यायालयात खटला चालला नाही. अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेचा या कटात हात असल्याचा आरोप चीनने प्रारंभीच केला आणि नंतरही तो अनेकदा झाला. तो सिद्ध झालेला नाही. ब्रिटिश व इतर अभिलेखांच्या आधारे स्टीव्ह त्सांग या इतिहासकाराने १९९४ मध्ये लिहिलेल्या निबंधात क्वोमिंतांगच्या हस्तकांची जबाबदारी निश्चित केली आहे. त्यांचे लक्ष्य चौ एन-लाय होते. मेले ते दुसरेच.

स्मारक : बाबाओशान ही दफनभूमी चीनमध्ये साम्यवादी शासन आल्यानंतर क्रांतिकारकांसाठी राखून ठेवण्यात आली. तेथे चिनी नेत्यांबरोबरच चीनच्या बाजूने काम केलेल्या काही परकीयांनाही स्थान मिळाले. अमेरिकन लेखिका ॲग्नेस स्मेडली यांच्या अस्थी तेथे आहेत. काश्मीर प्रिन्सेसमधील मृतांचे स्मारक याच परंपरेत बसते. ११ प्रवाशांपैकी ८ चिनी होते. त्यांत शिष्टमंडळाचे कर्मचारी होते, तसेच शेन ज्येन-थू, ह्वांग त्स्वो-मेई व ली पिंग हे ‘शिन्‌ह्वा’ या चिनी वृत्तसंस्थेचे तीन पत्रकारही होते. उरलेल्यांपैकी एक उत्तर व्हिएतनामचा, एक पोलंडचा आणि एक ऑस्ट्रियाचा होता.

ऑस्ट्रियाचे फ्रित्स येन्सेन यांचे चरित्र मराठी वाचकास विशेष ओळखीचे वाटेल. ते व्यवसायाने डॉक्टर होते. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी प्रजासत्ताकाच्या बाजूने वैद्यकीय सेवा केली आणि तेथील पराभवानंतर १९३९ मध्ये ते चीनला गेले. जपानी आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्या चिनी सैनिकांवर उपचार करण्यासाठी त्या काळी जे परकीय डॉक्टर गेले, त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस हेही होते. कोटणीस १९४२ मध्ये चीनमध्येच मृत्यू पावले आणि त्यांची समाधी हपै प्रांतातील शिज्याज्वांग येथे आहे. तेथे त्यांच्या नावाने दरवर्षी फुले वाहिली जातात. येन्सेन युद्धानंतर पत्रकार झाले आणि बांडुंगचे वृत्त पाठविण्यासाठी या विमानात बसले.

कोटणीसांची समाधी आणि बाबाओशान येथील शिला यांची तुलना केल्यास एक भेद स्पष्ट होतो. कोटणीस चिनी सैन्यात सेवा करीत होते. चिनी लोकांनी त्यांना आपला मानला. जटार आणि त्यांचे सहकारी कोणत्याही सेनेचे वा पक्षाचे नव्हते. ते भाड्याने घेतलेल्या विमानाचे पगारी कर्मचारी होते. परिषदेस जाणाऱ्यांचे स्मारक उभारताना त्यांची नावे शिलेवर आली नाहीत, हे स्मारकाच्या हेतूस धरूनच आहे. त्यात अनादर शोधण्याचे कारण नाही. परंतु त्यामुळे वस्तुस्थितीचा एक भाग झाकला जातो. त्या शिलेसमोर उभ्या राहणाऱ्या माणसास हे विमान भारतीय होते एवढे समजते. ते कोणी चालविले हे समजत नाही.

कर्मचाऱ्यांचा गौरव : भारत सरकारने जटार, बेरी, दीक्षित, पाठक व कर्णिक यांना अशोकचक्र देऊन गौरविले. हा पुरस्कार जानेवारी १९५२ मध्ये स्थापन झाला असून शत्रूशी प्रत्यक्ष लढत नसताना दाखविलेल्या शौर्यासाठी तो दिला जातो. १९६७ पर्यंत त्याचे प्रथम, द्वितीय व तृतीय असे तीन वर्ग होते. त्या वर्षी द्वितीय वर्गास कीर्तिचक्र व तृतीय वर्गास शौर्यचक्र अशी नावे देण्यात आली. पुरस्कार नागरिकांनाही खुला होता. तथापि आरंभीच्या वर्षांत तो बहुतांशी सैनिकांकडे गेला. काश्मीर प्रिन्सेसचे कर्मचारी हे तो मिळविणाऱ्या पहिल्या नागरिकांपैकी होत. त्यापूर्वी १९५२ मध्ये हवाई दलाचे फ्लाइट लेफ्टनंट सुहास बिस्वास यांनी लखनौजवळ पेटलेले विमान शेतात सुखरूप उतरविले होते. त्या विमानात जनरल थोरात, जनरल थिमय्या यांच्यासारखे ज्येष्ठ सेनाधिकारी होते. बिस्वास यांनाही अशोकचक्र मिळाले. दोन्ही प्रसंगांत वैमानिकाने केलेली गोष्ट एकच होती. एकास खाली शेत मिळाले, दुसऱ्यास समुद्र.

कर्णिक यांनी आपला अनुभव ‘काश्मीर प्रिन्सेस’ या इंग्रजी पुस्तकात मांडला. ते १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. देखभाल अभियंता हा विमानाच्या प्रवासात सहसा दृष्टीस न पडणारा माणूस. पण प्रत्येक थांब्यावर विमान पुढच्या उड्डाणास योग्य आहे याची खातरजमा त्याला करावी लागते. ज्याची यंत्राशी जवळून ओळख आहे अशा माणसाने लिहिलेले हे वृत्त असल्याने अपघाताच्या साहित्यात त्याला वेगळे स्थान आहे. मृत कर्मचाऱ्यांचे सर्वांत विस्तृत स्मारक कोणते, असे विचारल्यास या पुस्तकाचे नाव घ्यावे लागेल.

वैमानिकांच्या स्मारकांचा प्रश्न : हवेत मृत्यू आलेल्यांचे स्मारक उभारताना एक अडचण नेहमीच येते. देह अनेकदा मिळत नाही, आणि मृत्यूचे स्थळ समुद्रात किंवा दुर्गम डोंगरात असल्याने तेथे जाता येत नाही. म्हणून अशा स्मारकांत समाधीऐवजी नामावलीला प्राधान्य मिळते. लंडनजवळील रनीमीड येथे १९५३ मध्ये खुल्या झालेल्या वायुसेना स्मारकाच्या भिंतींवर दुसऱ्या महायुद्धात बेपत्ता झालेल्या राष्ट्रकुलातील वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावे आहेत. आशियाच्या दक्षिण व पूर्व भागांत नाहीशा झालेल्यांची नावे सिंगापूर येथील क्रांजी स्मारकावर आढळतात. नवी दिल्ली येथे २०१९ मध्ये उघडलेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकातही प्रत्येक हुतात्म्याचे नाव स्वतंत्र ग्रॅनाइटच्या विटेवर कोरलेले आहे. ही सर्व स्मारके सेनादलांची आहेत. नागरी विमानांचे कर्मचारी त्यांत येत नाहीत.

नागरी उड्डाणांतील मृतांना क्वचितच असे स्थान मिळते. ब्रिटनचे ‘आर १०१’ हे हवाई जहाज भारताकडे येण्यासाठी, कराचीच्या रोखाने, निघाले असताना ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समधील बोव्हेजवळ जळाले आणि ४८ जण मृत्यू पावले. त्यांचे एक स्मारक अपघातस्थळाजवळ आणि सामूहिक थडगे इंग्लंडमधील कार्डिंग्टन येथे आहे. त्यांत मंत्री, अधिकारी आणि इंजिनावर काम करणारे साधे कामगार अशी सर्वांची नावे एकत्र आहेत. याउलट ३ नोव्हेंबर १९५० रोजी आल्प्समधील माँ ब्लां शिखरावर आदळलेल्या ‘मलबार प्रिन्सेस’ विमानातील ४८ जणांचे अवशेष हिमनदीतच राहिले. त्याच पर्वतावर २४ जानेवारी १९६६ रोजी एअर-इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे विमान आदळले. होमी भाभा त्यात होते. तेथील बोसाँ हिमनदी आजही कधी टपालाची पिशवी तर कधी यंत्राचा तुकडा खाली आणून सोडते.

महाराष्ट्रात या प्रकारच्या स्मारकाची कल्पना मुळीच नवी नाही. गावोगावी आढळणाऱ्या वीरगळांच्या खालच्या चौकटीत वीराच्या मृत्यूचा प्रसंग कोरलेला असतो आणि वरच्या चौकटींत तो स्वर्गास गेल्याचे दाखविलेले असते. नाव बहुधा नसतेच. मृत्यू कसा आला याला महत्त्व. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथील मध्ययुगीन वीरगळांवर तर नाविक युद्धाची दृश्ये आहेत. वल्ही मारणारे खलाशी व एकमेकांवर चालून जाणारी गलबते त्यांत स्पष्ट दिसतात. समुद्रात मेलेल्यांना जमिनीवर दगड उभारून स्थान देण्याचे ते ठळक उदाहरण होय. बाबाओशानची शिला याच्या उलट रीतीची आहे : तिच्यावर नावे आहेत, विमान नाही.

१९६२ च्या भारत-चीन युद्धानंतर दोन्ही देशांनी मिळून या घटनेची आठवण ठेवावी असे वातावरण उरले नाही. चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाने २००४ मध्ये १९४९–५५ या काळातील काही कागदपत्रे अभ्यासकांना खुली केली, तेव्हा या प्रकरणाकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. २००५ मध्ये घटनेस पन्नास वर्षे झाल्याच्या निमित्ताने शिन्‌ह्वा वृत्तसंस्थेने आपल्या तीन मृत पत्रकारांच्या स्मरणार्थ बीजिंग येथे परिसंवाद भरविला.